सात नंबरची मूस

सोनं वितळवताना सोनाराच्या हातात एक लहानसं, जाड बुडाचं भांडं असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. त्याला मूस म्हणतात. मीही एक मूसच, मात्र सोनाराकडची नव्हे. मित्रांनो, मी प्रयोगशाळेतली जुनी मूस आहे. चिनी मातीची, पांढरी, पेढ्याच्या वाटीएवढी. माझ्या बुडाशी काळ्या शाईनं सातचा आकडा काढून तो भाजून पक्का केलेला आहे. म्हणून सगळे मला सात नंबर म्हणतात.

माझा जन्म दूर उत्तरेत, चिनी मातीच्या एका कारखान्यात झाला. एक्क्याण्णव साली माझ्यासारख्या बारा जणी पेंढ्यात गुंडाळून कोल्हापुरात आल्या. आण्णांनी तेव्हा उद्यमनगरात आपली प्रयोगशाळा नुकतीच थाटली होती. आण्णा म्हणजे पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे रसायनतज्ज्ञ. एका फाउंड्रीत वीस वर्षं नोकरी करून त्यांनी हा स्वतःचा उद्योग सुरू केला होता. पहिली काही वर्षं आमच्याकडे फाउंड्रीचंच काम जास्त यायचं. पितळेत जस्त किती, तांब्या-कथलाच्या गनमेटलमध्ये शिसं किती, हे पाहायचं. माझ्यात धातूंच्या भुकट्या घालायच्या, भट्टीत लालभडक होईतो तापवायच्या, निववायच्या, तोलायच्या. ते काम मी इमानानं केलं. "सात नंबर कधी तडकत नाही," असं आण्णा पाहुण्यांना सांगायचे, तेव्हा मला बरं वाटायचं.

पुढं दुधाचं कामही येऊ लागलं. दूध, खवा, दूध पावडर. त्यासाठी आण्णांनी एक ते सहा नंबरच्या मुशी वेगळ्या काढल्या आणि त्यांना खिडकीजवळच्या कपाटात ठेवलं. आम्ही बाकीच्या धातूंच्या फळीवर राहिलो. असं का केलं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. थोडं वाईट वाटलं, एवढंच.

संघप्रिया आली ती पंच्याण्णव साली. कोडोलीची मुलगी, वडील पोस्टात. बी.एस्सी. होऊन ती थेट आमच्याकडे लागली. रोज सकाळच्या एसटीनं यायची, चपला दाराबाहेर काढायची, पांढरा कोट चढवायची आणि आधी सगळी भांडी उजेडात धरून बघायची. बोलायची कमी. आम्हाला चिमट्यानं उचलताना तिचा हात इतका हलका असायचा की भट्टीतून बाहेर येतानाही भीती वाटत नसे.

आता मी सांगते ती गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यातली आहे.

एका दुपारी चंदगडकडच्या एका खेड्यातला माणूस दूध पावडरचा डबा पिशवीत घालून आला. त्याचं नाव कृष्णात. भातशेती आणि थोडी काजूची झाडं असलेला, पस्तिशीच्या आतला गडी. त्याच्याजवळ कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी होती. त्याच्या बायकोला, रूपालीला, पाच महिन्यांपूर्वी जुळं झालं होतं. मुलगा सार्थक, मुलगी अनुजा. दोघांना पुरेल एवढं दूध रूपालीला नव्हतं. अनुजा अंगानं लहान, तिला ओढताही येईना. म्हणून सार्थक आईच्या दुधावर राहिला आणि अनुजाला डब्यातलं दूध सुरू झालं. सार्थक बाळसं धरत होता. अनुजा मात्र पांढरीफटक पडत चालली होती. दूध ओकायची, किरकिर करायची, दिवस दिवस पोट साफ व्हायचं नाही. डॉक्टरांनी तिचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि त्यांना शिशाचा संशय आला. "पावडरमध्ये शिसं आहे का, तपासावे," असं चिठ्ठीत लिहिलं होतं.

शिसं म्हणजे तोच जड, मऊ, करडा धातू. पोटात गेलं की ते रक्त कमी करतं, आणि लहान बाळांच्या वाढत्या मेंदूला तर ते फार वाईट.

"तपासायचं काय त्यात," कृष्णात म्हणाला. "एक पोरगं आईचं पितंय, त्ये गुटगुटीत हाय. एक ह्ये पितंय, ती सुकतीया. आंधळ्यालाबी दिसंल की. तुमी निस्तं लिवून द्या. त्या पिराजी दुकानदाराकडं बघतोच मी."

"बसा," संघप्रिया म्हणाली. "लिहून द्यायच्या आधी बघावं लागतं."

त्या दिवशी एक ते सहा नंबरच्या मुशी आधीच भट्टीत होत्या. त्या निवायला संध्याकाळ झाली असती. कृष्णात बाकावर बसून दर पाच मिनिटांनी दाराकडून टेबलाकडे आणि टेबलाकडून दाराकडे बघत होता. संघप्रियानं घड्याळ पाहिलं, बाकावरच्या माणसाचा चेहरा पाहिला आणि धातूंच्या फळीवरून मला उचललं. मी स्वच्छ दिसत होते. तिनं मला धुतलं, पुसलं, तोललं आणि माझ्यात ती पिवळसर पावडर घातली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी बाळाचं दूध धरत होते. इतकी वर्षं फक्त धातू. त्या दुधाला साखरेचा मंद वास होता. आधी तिनं मला शेगडीवर ठेवलं. पावडर तपकिरी झाली, काळी झाली, दूध करपल्याचा वास खोलीभर पसरला. मग दुसऱ्या छोट्या भट्टीत, जास्त न तापवता, कारण फार तापवलं तर शिसं उडून जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या तळाशी चिमूटभर पांढरी राख उरली. तिनं ती आम्लात विरघळवली आणि त्यात एक हिरवं द्रावण मिसळून हलवलं. शिसं नसेल तर ते हिरवंच राहतं. असेल तर तांबडं होतं.

ते तांबडं झालं. चांगलं चेरीसारखं.

कृष्णात त्या रात्री कोल्हापुरातच पाहुण्यांकडे राहिला होता. सकाळी येऊन त्यानं तो रंग पाहिला आणि अहवालासाठी तो पिशवी घेऊन बाकावर बसला. आण्णांनी अहवाल टंकलिखित करायला सांगितला. पावडर एका लहानशा सहकारी संस्थेची होती. अहवाल गेला असता तर तालुक्यातल्या दुकानांतले सगळे डबे परत गेले असते, संस्थेला टाळं लागलं असतं.

आण्णांनी सही करायला पेन काढलं, तेव्हा संघप्रिया माझ्याकडे बघत होती. मला चिमट्यात धरून तिनं खिडकीपाशी नेलं, तिरकं केलं. माझ्या आतल्या झिलईवर केसाएवढ्या बारीक रेषा पडल्या होत्या. वर्षानुवर्षांच्या तापानं पडलेल्या. एरवी त्या दिसत नसत.

"आण्णा, थांबा," ती म्हणाली. "मी कोरी चाचणी केली नाही."

कोरी चाचणी म्हणजे दूध न घालता, रिकाम्या मुशीनं तीच सगळी तपासणी पुन्हा करायची. भांड्यातलं, आम्लातलं, पाण्यातलं काही त्यात मिसळत नाही ना, ते त्यावरून कळतं. तिनं माझ्यात काहीच न घालता मला शेगडीवर ठेवलं, भट्टीत ठेवलं, आम्ल घातलं, हिरवं द्रावण घातलं.

रिकामी होते मी. तरी ते तांबडं झालं.

ते शिसं माझ्यातलं होतं. गनमेटल तपासता तपासता ते माझ्या त्या बारीक रेषांमध्ये मुरून बसलं होतं. धुतल्यानं ते निघालं नव्हतं. खिडकीजवळच्या कपाटात मला जागा का नव्हती, ते मला त्या क्षणी समजलं. मला बोलता येत असतं तर मी आदल्या दिवशीच सांगितलं असतं. पण मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

संघप्रियानं कोटाला हात पुसले आणि बाकावर बसलेल्या कृष्णातसमोर जाऊन ती उभी राहिली.

"दादा, माझी चूक झाली. काल मी घाईत चुकीचं भांडं घेतलं. त्या रंगावर जाऊ नका. मी पुन्हा तपासणार आहे."

कृष्णातचा आवाज चढला. "म्हंजे? सकाळी शिसं हाय म्हनला, आता न्हाय म्हनताय? तिकडं माजी पोर हाय, बाई. ह्यो काय खेळ हाय व्हय?"

"आहेही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच खरं आहे."

तिचे कान लाल झाले होते. पण मान खाली नव्हती. आण्णांनी टंकलेला कागद उभा फाडला. मला वाटलं, आता ते हिला रागावणार. ते म्हणाले, "चल, एक नंबर आणि दोन नंबर काढ. दुधाचं काम इथून पुढं तूच बघायचं."

नव्या तपासणीला दोन दिवस गेले. या वेळी पावडर आणि कोरी चाचणी दोन्ही शेजारी शेजारी, खिडकीजवळच्या मुशींमध्ये. मी फळीवरून बघत होते. दोन्ही द्रावणं हिरवी राहिली. पावडर निर्दोष होती.

आण्णा म्हणाले, "दे लिहून. आपलं काम झालं." आणि खरंच, प्रयोगशाळेचं काम तिथं संपत होतं. पण कृष्णात तो कागद हातात घेऊन तसाच उभा राहिला. या वेळी त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

"मग पोर का सुकतीया, बाई?"

संघप्रियानं डबा पुढं ओढला. मग तिनं विचारलं, "दूध तयार कसं करता? सांगा मला. अगदी पहिल्यापासून."

"त्ये मला काय म्हाईत? त्ये आक्का बघती." आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण शालूबाई. लग्नानंतर चार वर्षांत तिचा नवरा वारला, तेव्हापासून ती माहेरीच होती. तिला मूलबाळ नव्हतं. जुळं झाल्यापासून अनुजा तिच्याच कुशीत असायची.

"मग आक्कांना घेऊन या. विहिरीचं पाणी आणा, उकळलेलं पाणी आणा. या बाटल्यांतच आणा. आणि ज्या भांड्यात पाणी तापवता, तेही आणा."

त्यानंतर चौथ्या दिवशी दोघं आली. चंदगडहून कोल्हापूरपर्यंत एसटीत शालूबाईनं ते पातेलं मांडीवर धरून आणलं होतं, धुवट धोतराच्या तुकड्यात गुंडाळून. तिनं गाठ सोडली. पितळी पातेलं, आतून आरशासारखं लखलखणारं.

"माज्या लग्नातलं हाय," ती म्हणाली. "माळ्यावर पडून हुतं. अनुजा डब्याच्या दुधावर गेली तवा काढलं आन बाजारात कल्हई करून घेतली. बाळाचं पानी वंगाळ भांड्यात कशाला तापवायचं, म्हनलं. ह्यात दुसरं कायबी करत न्हाय मी. चांगलं खळाखळा उकळतो, दोनदा. मग ह्यातच झाकून ठिवतो. दिसभर तेच पानी पावडरला घेतो."

संघप्रियानं पातेल्यात वाकून पाहिलं. तिचा स्वतःचा चेहरा त्यात दिसला असेल. मग तिनं पाण्याच्या बाटल्या घेतल्या.

विहिरीच्या पाण्याचं द्रावण हिरवं राहिलं. उकळलेल्या पाण्याचं तांबडं झालं. कोरी चाचणी शेजारीच होती, ती हिरवी. संघप्रियानं ती तिन्ही भांडी एका ओळीत ठेवली.

आता एकच गोष्ट पक्की करायची राहिली होती. पातेल्याच्या काठाजवळची कल्हई तिनं चाकूनं किंचित खरवडली. कल्हई कथलाची असायला हवी. आम्लात घालून तिनं त्यातलं शिसं पांढऱ्या भुकटीच्या रूपानं वेगळं काढलं, आणि ती भुकटी तापवून तोलायला तिला मूस हवी होती. तिनं धातूंच्या फळीकडे हात केला आणि मला उचललं. या कामात माझ्या रेषांतल्या इवल्याशा शिशानं काही बिघडणार नव्हतं. इथं मापच मोठं होतं. मी पुन्हा भट्टीत गेले, तापले, निवले. तराजूवर मला ठेवल्यावर तिनं आकडा दोनदा वाचला. त्या कल्हईत जवळजवळ निम्मं शिसं होतं. कथील महाग, शिसं स्वस्त. कुणीतरी कुठंतरी भेसळ केली होती. पाणी जितकं जास्त उकळावं, जितका वेळ ठेवावं, तितकं ते पाण्यात उतरत होतं.

आण्णा म्हणाले, "अहवाल दे. ते डॉक्टरांकडे जातील, डॉक्टर सांगतील."

"डॉक्टर कृष्णातदादांना सांगतील, आण्णा. आणि ते घरी जाऊन आक्कांना सांगतील. कसं सांगतील, ते मला माहीत आहे."

तिनं शालूबाईला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मावशी, पावडर चांगली आहे. विहीर चांगली आहे. दोष कल्हईत निघाला. कथलात शिसं मिसळलेलं आहे, ते पाण्यात उतरतंय."

शालूबाईनं पातेलं जवळ ओढलं. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, म्हणून ऐकवेना.

"म्हंजे म्याच पाजलं व्हय तिला?"

संघप्रिया उठली. फळीवरून मला घेऊन आली आणि तिनं मला शालूबाईच्या तळहातावर ठेवलं.

"ही बघा. कशी दिसते?"

"चांगली हाय की. पांढरी."

"मलाही तशीच वाटली. हिच्यात मी तुमची पावडर जाळली आणि शिसं आहे म्हणून सांगितलं. ते शिसं हिच्या अंगातलं होतं. मी एवढी शिकलेली, हे माझं रोजचं काम, तरी मला दिसलं नाही. तो कागद गेला असता तर तुम्ही पावडर बदलली असती, पाणी याच पातेल्यात तापत राहिलं असतं, आणि अनुजाचं काय झालं असतं, ते मला झोपेतसुद्धा दिसतं. भांड्याच्या पोटात काय मुरलंय ते डोळ्याला दिसत नाही, मावशी. तुम्ही घरातलं सगळ्यात उजळ भांडं काढलंत. कुणीही तेच केलं असतं."

शालूबाईनं मला दोन्ही हातांत धरलं. तिची बोटं खरखरीत होती. मग तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यात पडलं. तोवर माझ्यात पडलेलं ते एकच असं काही होतं, जे कुणी तोललं नाही.

कृष्णात दारात उभा राहून ऐकत होता. तो आत आला, पातेलं धोतरात गुंडाळायला लागला आणि म्हणाला, "ऊठ, आक्का. पोरीला घिऊन दवाखान्यात जायाचं हाय."

अनुजाला दवाखान्यात ठेवून घेतलं. शरीरातलं शिसं बाहेर काढणारं औषध तिला द्यावं लागलं, रक्त वाढायचं औषध द्यावं लागलं. तीन आठवडे गेले. संघप्रिया संध्याकाळची एसटी पकडण्याआधी दवाखान्यात डोकावून जायची, हे मला आण्णांच्या बोलण्यातून कळायचं. एक दिवस ती सकाळी आली ती शीळ घालत. तिला शीळ घालता येते, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

घरी परत जाताना कृष्णातच्या घरची सगळी प्रयोगशाळेत आली. नव्या स्टीलच्या पातेल्यातलं पाणी तपासायला आणलं होतं. ते हिरवं राहिलं. रूपालीला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बारीक चणीची, काखेत सार्थक, खांद्यावर अनुजा. शालूबाई मागं, दाराजवळच थांबली होती. त्या तीन आठवड्यांत तिनं अनुजाला उचललं नव्हतं. दवाखान्यात रोज यायची, खाटेच्या पायथ्याशी बसायची, पण बाळाला हात लावायची नाही.

रूपालीनं सार्थकला कृष्णातच्या हातात दिलं. मग ती वळली आणि दाराशी गेली.

"वन्सं, धरा हिला. दुधाची येळ झाली."

शालूबाई मागं सरली. "नगं गं. तूच कर आता. माज्या हातनं नगं."

"मला कुटं जमतंय? ती मला दमवती, तुमच्या हातनं पिती. धरा."

आणि तिनं अनुजाला नणंदेच्या कुशीत देऊनच टाकलं. अनुजानं एक हात वर केला आणि शालूबाईच्या डोरल्याविना मोकळ्या गळ्याशी चाचपून पदराची कड मुठीत धरली. शालूबाई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. त्यांनी बाटली आणली होती. सगळी तपासणीची कामं थांबली. बाळाचं दूध पिऊन होईपर्यंत ती पुन्हा सुरू झाली नाहीत. आण्णा चष्मा पुसत होते.

पुढं संघप्रियानं चंदगडच्या बाजाराच्या दिवशी जाऊन त्या कल्हईवाल्याला गाठलं. म्हातारा गुंडू त्याचं नाव. त्यालाही ठाऊक नव्हतं. व्यापाऱ्यानं दिलेल्या कांड्या तो कथील म्हणूनच घेत होता. त्या कांड्याही तिनं आणून तपासल्या आणि आण्णांनी वरच्या सरकारी कचेरीला पत्र लिहिलं. त्या व्यापाऱ्याचा धंदा बंद झाला. गुंडू त्यानंतर प्रत्येक नवी कांडी आधी आमच्याकडे पाठवायचा. ती तपासायला मलाच घ्यायचे.

दोन हजार चार साली मोठं यंत्र आलं. राख, रंग, हिरवं, तांबडं यांची गरज उरली नाही. यंत्र सरळ आकडा छापून देतं. आम्ही मुशी खोक्यात गेलो. माझ्या काठाचा एक टवका उडाला. काही वर्षं कुणीतरी माझ्यात टाचण्या ठेवायचं. मग टाचण्याही काढून नेल्या आणि धूळ बसली. दोन हजार आठ साली परदेशातल्या बाळांच्या दूध पावडरमध्ये कसलं तरी रसायन मिसळल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या दारात डबे घेऊन आलेल्या आईबापांची रांग लागली. आण्णा निवृत्त झाले होते. संघप्रिया आता मुख्य होती, केसांत रुपेरी बट आलेली. हाताखालच्या मुलींना ती दिवसातून दहा वेळा विचारायची, "कोरी चाचणी झाली?" खोक्यातून मला ते ऐकू यायचं आणि मी जिवंत असल्यासारखं वाटायचं.

गेल्या महिन्यात प्रयोगशाळा कागलच्या नव्या औद्योगिक वसाहतीत हलवायची ठरली. जुनं सामान निवडताना एका मुलीनं मला उचललं आणि विचारलं, "मॅडम, ही फुटकी टाकायची ना?"

संघप्रियानं मला हातात घेतलं, अंगठ्यानं बुडावरची धूळ पुसली आणि आकडा वाचला.

"टाकू नका," ती म्हणाली. "पण दुधाजवळ ठेवू नका."

मित्रांनो, माझ्याबद्दल इतकं खरं आणि इतक्या मायेनं दुसरं कुणी बोललं नाही. मी आता नव्या इमारतीत तिच्या टेबलावर असते, रिकामी. मला तुमच्याकडे एवढंच मागायचं आहे. घरी लहान बाळ असेल तर त्याच्या दुधाचं पाणी कशात तापतं, ते एकदा बघा. शंका आली तर विचारा, तपासून घ्या. आणि काही वावगं निघालंच, तर भांडं बदला. ते भांडं धरणारे हात बदलू नका.